वाणात वाटलेली चार पानं

हसाल तुम्ही. खुशाल हसा, पण आधी चहा संपवा. मागच्या खेपेला हे सांगताना माझ्या नणंदेला असा ठसका लागला की अर्धा कप सतरंजीवर गेला. आणि मी मध्येच भरकटले तर मला परत आणा. सांगता सांगता दुसरीकडेच निघून जायची माझी जुनी खोड आहे, आणि हे सगळं रामायण घडलं ते त्याच खोडीपायी.

आमचा मळा मखमलाबादच्या अंगाला. मी लग्न होऊन आले तेव्हा चारही बाजूंनी द्राक्षं आणि फुलं होती. आता तीन बाजूंनी बंगले आहेत आणि मध्ये आम्ही, आमचे गुलाब आणि शेवंती. जानेवारीत पहाटे फुलं तोडायला गेलं की धुक्यात बंगले दिसेनासे होतात. तेवढा तासभर मला वाटतं, जग पुन्हा आमच्या शेवंतीएवढंच झालं आहे. मी कात्री हातात घेऊन तशीच उभी राहते. मग आमचे हे बांधावरून विचारतात, "झोपलीस का उभ्या उभ्या?"

बघा, भरकटले.

तर आमची समू. समृद्धी तिचं नाव, अकरा वर्षांची. दिवाळीनंतर ती डोळे मिचकावायला लागली. आधी आम्हाला वाटलं, कचरा गेला असेल. मग उजवा खांदा उडायला लागला. मग घशातून बारीक "हुं" असा आवाज. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली, हे म्हणाले मोबाइल, आणि मी म्हटलं जंत. दृष्ट काढून झाली, मोबाइल कपाटात गेला, जंताचं औषधही पोटात गेलं. डोळे मिचकतच होते.

शेवटी डॉक्टरकडे नेलं. त्या बाई फार शांत होत्या. म्हणाल्या, "याला टिक म्हणतात. ती मुद्दाम करत नाही. शिंक दाबली तर किती वेळ दाबाल? तसंच आहे हे. थकली, घाबरली की वाढतं. कधी कमी होईल, कधी परत येईल. रागावू नका, सारखी आठवण करून देऊ नका." आणि घरच्यांनी वाचण्यासाठी एक पातळसं पुस्तक दिलं. पिवळं मुखपृष्ठ, चाळीसेक पानं.

माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. त्यानंतरचं माझं वाचन म्हणजे फुलं बांधायला आणलेली रद्दी, तीही अर्धीमुर्धी, कारण बातमीचा शेवट कुठल्यातरी गजऱ्याबरोबर बाजारात गेलेला असायचा. त्यामुळे आख्खं पुस्तक हातात आल्यावर मी ते तीनदा वाचलं. अगदी मन लावून. आता मन लावून वाचलेलं माणसाला समजतंच असं नाही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक?

पुस्तकात होतं, टिककडे लक्ष वेधू नका. मी घरात फर्मान काढलं. समूचे डोळे मिचकले, खांदा उडाला, तर कोणी बघायचं नाही. हे लगेच छताकडे बघायला शिकले. सासूबाई घोटीकडच्या. त्यांना एकदा पकडलं तर म्हणाल्या, "मी कुठं पाह्यलं? मी पाल बघून ऱ्हायले."

घर सुधारलं असं मला वाटलं. प्रश्न उरला कॉलनीचा.

आमच्या समोरच्या बंगल्यात पुष्पाताई राहतात. महिला मंडळाच्या अध्यक्ष. मनाने सोनं, पण एकदा निकाल दिला की तो फिरत नाही. कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर संध्याकाळी मुली खेळतात. एक दिवस पुष्पाताईंनी समूला काहीतरी विचारलं आणि नेमका तिचा खांदा उडाला.

"मोठ्यांसमोर खांदे उडवतेस? आणि वर डोळे मिचकावतेस?" सगळ्या मुलींसमोर. "फार उद्धट झालीस गं तू."

झालं. निकाल लागला. समू उद्धट. त्या दिवसापासून ती खाली जाईना. संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावर हनुवटी टेकून उभी राहायची. खाली मुली लंगडी खेळायच्या आणि ही वरून कोण बाद झालं ते मोजायची. मी विचारलं, "जात का नाहीस?" तर म्हणाली, "वरून छान दिसतं."

अकरा वर्षांच्या मुलीने असं बोलावं का, सांगा मला. मला दुसरं काही नको होतं. तिने परत खाली जाऊन खेळावं, बस.

आणि तेवढ्यात आली संक्रांत.

तुम्हाला माहीतच आहे, हळदीकुंकवाला वाण लुटायचं म्हणजे बायका महिनाभर डोकं खाजवतात. कोणी प्लास्टिकचा डबा, कोणी कंगवा. गेल्या वर्षी आमच्या कॉलनीत चौघींनी साबणाची डबीच दिली होती. मी पहाटे शेवंतीत उभी होते आणि धुक्यातून विचार आला: आपण पुस्तकच दिलं तर?

काय सुंदर दिसायला लागलं मला ते. सोळा बायका, सोळा घरं. प्रत्येक घरात दिव्याखाली कोणीतरी वाचतंय. पुष्पाताई चष्मा काढून डोळे पुसताहेत. खाली प्लॉटवर समू धावतेय आणि तिचा खांदा उडतोय, आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाहीये…

अशी तंद्री लागलेली असतानाच मी झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. दुकानदार म्हणाला, "काकू, आख्खं काढू का ठरावीक पानं?"

"मधली चार," मी म्हटलं, "आजूबाजूच्या लोकांनी कसं वागावं, ती." मला वाटलं, चाळीस पानं कोण वाचतंय, कामाचं तेवढं द्यावं. आता ती चार पानं शेजारी, शाळा, ऑफिस सगळ्यांसाठी लिहिलेली. त्यांत 'मुलगा' नाही, 'मुलगी' नाही, नुसतं 'ती व्यक्ती'. मुलांबद्दलचं जे होतं ते सगळं सुरुवातीच्या पानांवर आणि मुखपृष्ठावर, आणि ते राहिलं माझ्या पिशवीत. पण मला काळजी नव्हती, कारण वाण देताना मी समूबद्दल चार वाक्यं बोलणारच होते. फुलं तोडताना पाठ केली होती. शेवंतीला रोज ऐकवत होते. शेवंतीला पटलं होतं.

घरी येऊन चार-चार पानांच्या सुरळ्या केल्या, प्रत्येकीला लाल दोरा बांधला आणि दोऱ्यात एक-एक गुलाब खोचला. सासूबाईंनी एक सुरळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"कागूद?" त्या म्हणाल्या. "वाणात कागूद देतं का कोनी? चाळनी दे. चाळनी लय कामाला येती."

"आई, चाळणीने पीठ चाळतात. याने माणसं सुधारतील."

असं बोलले मी. खरंच बोलले.

हळदीकुंकवाच्या दिवशी मला सणसणीत सर्दी. त्यात सासूबाईंनी देवापुढे एवढा धूप घातला की देवही दिसेना. नवीन साडी, काठ जड, पदर खांद्यावर ठरेना. सोळाजणी जमल्या, तिळगूळ झाला, आणि मी चार वाक्यं बोलायला उभी राहिले.

घसा बसलेला. "हं… हुं…" केलं. धुराने डोळे चुरचुरायला लागले म्हणून दोन-तीनदा मिचकावले. पदर घसरला म्हणून खांदा उचलला. परत "हुं" केलं. परत पदर. समोर सोळा चेहरे माझ्याकडे बघताहेत आणि पाठ केलेली चारही वाक्यं धुरात विरून गेली. शेवटी तोंडातून एवढंच आलं, "एकदा वाचा… आणि एवढं सांभाळून घ्या." आणि सुरळ्या वाटून मी खाली बसले.

एकदम शांतता पसरली. मला वाटलं, भारावल्या.

दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीवर पुष्पाताई भेटल्या. मी म्हटलं, "वाचलं का?" त्या माझ्या डोक्यावरून शेवग्याच्या झाडाकडे बघत म्हणाल्या, "वाचलं. फार धीर लागतो हो." आणि शेवग्याकडे बघतच निघून गेल्या. मीही वळून शेवग्याकडे पाहिलं. साधा शेवगा होता.

शनिवारी मंडळात भजनं. मी आत गेले तशी एकीने उठून मला पंख्याखालची खुर्ची दिली. ती खुर्ची पुष्पाताईंची. जानेवारीत पंखा कोणाला हवाय म्हणा, पण मान तो मान. सर्दी होतीच, मी खाकरले. खाकरल्याबरोबर अकरा बायका खिडकीकडे बघायला लागल्या. मी पदर सावरला, तर त्या टाळ पुसायला लागल्या. मी गायले. तुम्हाला माझा आवाज माहीत आहे. मी गायला लागले की आमचा कुत्रा बांधापर्यंत जाऊन बसतो. एरवी पुष्पाताई मला हाताने "खाली, खाली" अशी खूण करतात. त्या दिवशी भजन संपलं आणि शोभाकाकू, त्या मंडळातल्या सगळ्यात वयस्कर, भिंतीवरच्या घड्याळाला उद्देशून म्हणाल्या, "किती छान गायलात, संगीताताई."

आता मला घाम फुटला. बायका भांडल्या तर परवडतं हो, पण एवढं गोड वागतात तेव्हा समजावं की प्रकरण हाताबाहेर गेलंय. दोन आठवडे हेच चाललं. कोणी डोळ्याला डोळा देईना. मी बोलायला लागले की "सावकाश, काही घाई नाही." मी चुकीचं बोलले तरी "बरोबर आहे." रात्री यांना म्हटलं, "मला वाळीत टाकलंय."

हे म्हणाले, "वाळीत टाकलेल्या माणसाला कोणी पंख्याखाली बसवत नाही."

"गोड बोलून टाकलंय."

सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "मी म्हनले व्हते, चाळनी दे."

मग माझ्याही डोक्यात तेच बसलं. कागद दिला म्हणून अपमान झाला असेल. भांडीबाजारात जाऊन मी सोळा चाळण्या आणल्या आणि पहिली घेऊन पुष्पाताईंच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "या, स्वयंपाकघरातच या." गेले. आणि फ्रिजवर पाहिलं, तर माझी चार पानं चुंबकाने लावलेली. लाल पेनाने ओळीखाली रेघा मारलेल्या. आणि वरती ठळक अक्षरात लिहिलेलं: संगीताताईंसाठी.

"पुष्पाताई, हे… माझ्यासाठी?"

त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. "बसा आधी. पाणी देऊ?"

"पाणी नको. माझ्यासाठी म्हणजे काय?"

"लाजण्यासारखं काही नाही त्यात. तुम्ही त्या दिवशी एवढ्या सगळ्यांसमोर उभ्या राहिलात. डोळे मिचकताहेत, खांदा उडतोय, घशातून आवाज येतोय, तरी उभ्या राहिलात. आणि घरी येऊन वाचते तर काय, पहिल्याच ओळीत हेच सगळं लिहिलेलं. शोभाकाकू तर रडल्या. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, पानात आहे तसंच वागायचं."

"अहो, मला काही झालेलं नाही."

"नाहीच झालेलं. तिसरं पान, वरून दुसरी ओळ. 'त्या व्यक्तीला वेगळं समजू नका.'"

"पुष्पाताई, ते समूसाठी होतं. टिक समूला आहे."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग चूक लक्षात येऊन घाईघाईने परत कॅलेंडरकडे बघितलं.

"समूला? ती जरा उद्धट… म्हणजे वयच आहे ते. पण संगीताताई, आपलं लेकरावर नका ढकलू. आपलं आपण मान्य केलं ना, की हलकं वाटतं."

"हे कुठल्या पानावर आहे?"

"हे पानावर नाही. हे माझं."

मी आणखी बोलणार, तोच पदर घसरला. मी खांदा उचलला. पुष्पाताईंनी आदराने डोळे मिटून घेतले.

चाळणी ओट्यावर ठेवली आणि घरी आले. समू गच्चीवर होती. मला कोणाला तरी सांगायचंच होतं, मी तिला सांगितलं. सुरळ्या, धूप, शेवगा, घड्याळ, फ्रिज, सगळं. ती एवढी हसली, एवढी हसली की कठड्याला धरून खालीच बसली. दिवाळीनंतर ती तशी हसलीच नव्हती. खांदा उडत होता, डोळे मिचकत होते आणि ती हसत होती. मला वाटलं, गेली इज्जत तर जाऊ दे.

मग तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे तू माझं सगळ्यांना सांगणार होतीस. मला न विचारता."

मी कठड्यावरची धूळ पदराने पुसायला लागले.

"आणि त्या तुझ्याकडे बघत नव्हत्या तेव्हा तुला कसं वाटत होतं?"

"कसंतरीच," मी म्हटलं. "सारखं वाटायचं, माझं काय चुकलं? बोलतात माझ्याशी, पण बघतात दुसरीकडे."

"मला रोज तसं वाटतं," समू म्हणाली. "घरात. पप्पा छताकडे बघतात, आजी भिंतीकडे. परवा मी आजीला गणिताचे मार्क सांगत होते, तर ती पालीला म्हणाली, शाब्बास."

मला हसूही आलं आणि स्वतःची लाजही वाटली. मी खाली जाऊन ते पिवळं पुस्तक आणलं आणि आम्ही दोघींनी पहिल्या पानापासून वाचलं. मी तीनदा वाचलेलं पुस्तक, पण वाचून दाखवलं तिनेच. दुसऱ्याच पानावर होतं, कोणाला सांगायचं आणि किती, ते आधी मुलालाच विचारा. पुढे होतं, टिक येऊन जाऊ द्या, आणि मुलाशी नेहमीसारखं बोलत राहा, त्याच्याकडे बघून.

"बघून," समूने त्या शब्दावर बोट ठेवलं. "तू तीनदा काय वाचलंस गं आई?"

खरं सांगू? वाचता वाचता मी सगळं बरं झाल्याची स्वप्नं बघत होते. मध्ये मध्ये ओळी निसटल्या असतील.

त्या रात्री जेवताना समूचा खांदा उडाला. हे सवयीने छताकडे निघाले होते, मी टेबलाखालून पाय मारला. त्यांनी मान खाली आणली, लेकीकडे बघितलं आणि विचारलं, "भाजी वाढू?" ती म्हणाली, "वाढा." बस, एवढंच. सासूबाईंना जरा वेळ लागला. पण समूकडे नीट बघितल्यावर म्हणाल्या, "लय वाळली गं पोरगी. इतके दिस दिसलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी समू म्हणाली, "माझं मी सांगते. तू फक्त मागे उभी राहा. आणि काही बोलू नको. काहीच."

संध्याकाळी आम्ही प्लॉटवर गेलो. समू सरळ मुलींच्या घोळक्यात गेली. "माझे डोळे मिचकतात आणि खांदा उडतो, ते आपोआप होतं. मी मुद्दाम करत नाही. कोणाला लागत नाही ते. थांबव म्हटलं की जास्त होतं."

एकीने विचारलं, "दुखतं का?"

"कधी कधी मान दुखते."

"बरं. मग लंगडी घालशील का? आम्हाला एक जण कमी पडतंय."

संपलं. ज्याच्यासाठी मी सोळा सुरळ्या बांधल्या, ते पोरींनी लंगडीची पाळी यायच्या आत मिटवलं. मी पदराने डोळे टिपत उभी राहिले. उन्हं कलली होती, प्लॉटवर धूळ सोन्यासारखी तरंगत होती, आणि त्या धुळीत माझी समू एका पायावर उड्या मारत होती…

मध्येच पाणी प्यायला समू बाहेर आली. कट्ट्यावर पुष्पाताई बसल्या होत्या. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि जे मुलींना सांगितलं तेच शांतपणे त्यांना सांगितलं. मधेच तिचा खांदाही उडाला. पुष्पाताईंनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मला एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. ती परत खेळायला पळाली आणि पुष्पाताई डोळे पुसत माझ्याकडे आल्या.

"संगीताताई, पुण्यवान आहात हो तुम्ही."

"समजलं ना तुम्हाला?" मी म्हटलं.

"सगळं समजलं. कालच तुम्ही माझ्याकडे बोललात आणि आज ही एवढीशी पोर आईला कमीपणा नको म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेते. खांदासुद्धा अगदी तुमच्यासारखा उडवून दाखवला. आणि मी तिला उद्धट म्हणत होते. किती गुणी आहे हो."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून समूने माझा हात घट्ट दाबला. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. कानाशी म्हणाली, "राहू दे ना आई. मुलींना कळलंय. आणि यांनी पहिल्यांदाच मला गुणी म्हटलंय."

मी तोंड मिटलं.

समू आता रोज खाली जाते. डोळे मिचकतात, मध्ये थांबतात, परत सुरू होतात. चाललंय तिचं. आणि तुम्ही कधी आमच्या कॉलनीत आलात, आणि फाटकाशी कोणी हळूच तुम्हाला सांगितलं की बाई, त्या फुलवाल्या संगीताताई भेटल्या तर त्यांच्याकडे फार निरखून बघू नका, बिचाऱ्यांना त्रास आहे, तर ती मीच. पण तुम्ही आपलं बघा माझ्याकडे, आणि कप द्या इकडे, अजून घोटभर ओतते.